अकरावीत एसपी घेतलं होतं, आता इकॉनॉमिक्स मेजर

ए-२०४: नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ग्रुपवरचा टँकरचा विषय मिटला असेल तर एक घरचा प्रश्न विचारते. लेकीला बी.ए.ला ॲडमिशन मिळाली, मेजर (मुख्य विषय) इकॉनॉमिक्स. कॉलेजने जाडजूड पुस्तिका दिलीय. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस... वाचून डोकं गरगरलं. शुक्रवारपर्यंत मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) भरून द्यायचंय. तिची बारावी कॉमर्सची, पण अकरावीत मॅथ्सऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं. मैत्रिणी सायकॉलॉजी मायनर घेतायत, हीसुद्धा तेच म्हणतेय. आपल्याकडे इकॉनॉमिक्स केलेलं कोणी आहे का?

बी-१०१: अरे वा, अभिनंदन! पेढे कधी?

सी-५०३: वहिनी, लेकीचं मनापासून अभिनंदन. मी इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. केलंय. शुक्रवारच्या आत एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: तीन वर्षांत ती मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स कुठून शिकणार? बाकी सगळं पुढेमागे करता येतं.

मीही एसपीवालीच. बी.ए.ला आलेख काढून, व्याख्या पाठ करून चांगले मार्क मिळाले. मग एम.ए.च्या प्रवेश परीक्षेला बसले. पेपरमधला मॅथ्सचा भाग जवळजवळ कोरा ठेवून बाहेर आले. त्यानंतर पूर्ण एक वर्ष घरी बसून मॅथ्स केलं, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. ते वर्ष मला आजही बोचतं, कारण पहिल्या वर्षी कोणी एवढं सांगितलं असतं तर ते वाचलं असतं.

ए-२०४: पण एम.ए. करायचं की नाही हेच अजून तिचं ठरलेलं नाही गं.

सी-५०३: अठराव्या वर्षी ठरायला नकोच. पण दारं उघडी ठेवायची. यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे, तिला नुसतं बी.ए. चालत नाही, इकॉनॉमिक्समधली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेत संशोधन विभागासाठी ग्रेड बी अधिकारी घेतात, तिथेही तेच. आणि चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत मॅथ्स असतंच. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था घ्या, कोलकात्याची आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) घ्या. आयआयटीच्या जॅममध्ये (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) २०२१पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आहे, त्याच्या अभ्यासक्रमात मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स हे स्वतंत्र भाग आहेत.

एफ-३०२ (निवृत्त बँक अधिकारी): जरा वेगळं मत मांडतो. आमच्या वेळी अंशलक्षी आणि समग्रलक्षी (मायक्रो-मॅक्रो) म्हणत, गणित फारसं नव्हतं, तरी विषय समजला आणि आवडला. मुलीने मॅथ्स सोडलं ते भीतीपोटीच सोडलं असणार. तिच्यावर पुन्हा तेच लादलं तर इकॉनॉमिक्सचीच नावड निर्माण होईल.

सी-५०३: काका, ही शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच कॉलेजची वाट न बघता आधी बालभारतीची बारावी कॉमर्सची मॅथ्सची दोन्ही पुस्तकं आणा म्हणते मी. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते. भाग १मध्ये डेरिव्हेटिव्हच्या (एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगाने बदलते त्याचं गणित) उपयोगांचा धडा आहे, त्यात सीमांत खर्च आणि मागणीची लवचिकता यांचीच गणितं आहेत. म्हणजे इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात जे शब्दांत वाचलं तेच. भाग २मध्ये निर्देशांक, टाइम सिरीज, लिनिअर रिग्रेशन. महागाईचा दर निर्देशांकावरूनच काढतात ना काका? भीती बहुतेक वेळा 'हे कशाला शिकायचं' यातून येते. इथे कशाला ते समोरच दिसतं.

एफ-३०२: हे मला माहीत नव्हतं. पटलं. यावरून आठवलं, दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी इथेच पुण्यात १९७१ साली गरिबीचा अंदाज मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो यावर तो उभा होता, आणि त्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे वापरले होते. स्टॅटिस्टिक्सशिवाय ते झालंच नसतं, खरं आहे.

डी-७०२ (तिसऱ्या वर्षाला आहे): काकू, मी सध्या हेच करतोय. दोन गोष्टी बघा.

एक, मायनरची बॅच खरंच चालू होते का ते ऑफिसात विचारा. आमच्याकडे स्टॅट्स मायनर पुस्तिकेत होतं, पण मुलं कमी म्हणून बॅचच निघाली नाही. मग मी 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स केला. यूजीसीच्या नियमाप्रमाणे एका सेमच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंमधून घेता येतात, पण कॉलेजने तो कोर्स आधी मान्य करायला हवा. लेखी घ्या.

दोन, ओपन इलेक्टिव्हचं नाव बघून जाऊ नका, आतला अभ्यासक्रम वाचा. 'क्वांटिटेटिव्ह' नावाखाली नुसते टक्केवारी-व्याज असतात. डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी यातलं काही आहे का बघा.

ए-२०४: ती शेजारी बसून वाचतेय. विचारते, स्टॅट्स मायनर घेतलं तर सायकॉलॉजी ओपन इलेक्टिव्हला घेता येईल का?

सी-५०३: नाही, इथेच गोम आहे. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. इकॉनॉमिक्स आणि सायकॉलॉजी दोन्ही कलाशाखेत येत असतील तर जमणार नाही. उलटं मात्र जमतं: सायकॉलॉजी मायनर आणि सायन्सकडचं मॅथ्स किंवा स्टॅट्स ओपन इलेक्टिव्हला.

तिला सायकॉलॉजी मनापासून आवडत असेल तर ते वाया जाणार नाही. माणसं पैशाचे निर्णय कसे घेतात यावर काम करणाऱ्या डॅनियल काहनेमान या मानसशास्त्रज्ञाला २००२ साली इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालं. पण फक्त मैत्रिणी घेतायत म्हणून असेल तर मी स्टॅट्स मायनरच सांगेन. मायनरला १८-२० क्रेडिट असतात, ओपन इलेक्टिव्हला १०-१२. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, हिशोब करून बघा किती फरक पडतो.

बी-१०१: आणि ते चार वर्षांच्या डिग्रीचं काय? भाचीला सगळे घाबरवतायत.

सी-५०३: तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि दोन वर्षांचं एम.ए. करता येतं. चौथं वर्ष केलं तर एम.ए. एका वर्षाचं. फक्त रिसर्चसह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमना ७५ टक्के लागतात, म्हणून पहिलं वर्ष हलक्यात घ्यायचं नाही.

क्रम महत्त्वाचा, वहिनी. पहिल्या वर्षी मॅथ्स, दुसऱ्या वर्षी स्टॅट्स, मग तिसऱ्या वर्षी इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून इकॉनॉमिक्सचे सिद्धांत तपासणं). स्टॅट्स कच्चं ठेवून इकॉनोमेट्रिक्सला बसलं की नुसती सूत्रं पाठ होतात. स्किलचे क्रेडिट एक्सेल किंवा आर (स्टॅट्सचं सॉफ्टवेअर) शिकण्यात घाला. आर फुकट आहे.

एफ-३०२: माझ्याकडून एक. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या आधी येते, मराठीत असते. फील्ड प्रोजेक्टच्या वेळी मला सांग म्हणावं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला कांद्याचा घाऊक भाव आणि आपल्या गेटवरच्या गाडीवरचा भाव, महिनाभर रोज लिहून काढू. मी सकाळी फिरायला जातोच.

ए-२०४: काका, ती आत्ताच वही शोधायला गेली 😊 उद्या ऑफिसात स्टॅट्सच्या बॅचचं विचारते. बॅच निघत असेल तर स्टॅट्स मायनर, नसेल तर सायकॉलॉजी मायनर आणि सायन्सकडचं मॅथ्स. ताई, डेरिव्हेटिव्हचा तो धडा तू एकदा समजावशील का तिला?

सी-५०३: शनिवारी सकाळी दहाला पाठव. आधीचा डिफरन्सिएशनचा धडा नुसता वाचून ये म्हणावं, सोडवायचं आपण मिळून.