मदत हवी आहे : पडद्यावर मारेकऱ्याला किती जागा द्यावी?

नमस्कार मंडळी. नॉर्वेतल्या 22 जुलै 2011 च्या हल्ल्यावरील चित्रपटांबद्दल लेख लिहितेय आणि एका मुद्द्यावर अडलेय.

त्या दिवशी एका अतिउजव्या दहशतवाद्याने ओस्लोत सरकारी इमारतींपाशी बॉम्ब फोडून 8 जणांचा, मग उतोया बेटावर मजूर पक्षाच्या युवा शिबिरात 69 जणांचा बळी घेतला. 2018 मध्ये यावर दोन चित्रपट आले. एरिक पोपे यांनी बेटावरची 72 मिनिटं सलग एकाच शॉटमध्ये घेतली. कॅमेरा एका काल्पनिक मुलीची पाठ सोडत नाही. मारेकरी जवळपास दिसतच नाही, गोळ्यांचे आवाज मात्र थांबत नाहीत. परिणाम जबरदस्त, पण नंतरचं काहीच नाही.

पॉल ग्रीनग्रास यांनी उलट केलं. हल्ला सुरुवातीलाच, पुढे जखमी मुलाचं सावरणं, खटला, बचाव पक्षाच्या वकिलाची घुसमट. हा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पण तिथे मारेकऱ्याला कोर्टात बोलायला पडदा मिळतो, ते खुपतं. प्रत्यक्षात त्याची साक्ष प्रक्षेपित करायला न्यायालयाने मनाई केली होती!

तर विचारायचंय असं : मारेकऱ्याची विचारसरणी न दाखवता हा राजकीय हल्ला होता हे प्रेक्षकाला कसं कळणार? आणि ती दाखवली की त्याला हवं होतं तेच व्यासपीठ मिळत नाही का? हा तोल साधलेला एखादा चित्रपट वा मालिका माहीत असेल तर कृपया नेमक्या प्रसंगासह सांगा. वाचलेल्यांचं पुढचं आयुष्य दाखवणारं काही असेल तर फारच उत्तम.