गलाईवाल्यांच्या मुलांची मातृभाषा कोणती लिहायची?

खानापूरकर
सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील अनेक घरे गलाईच्या, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी तामिळनाडू-केरळापासून उत्तर प्रदेशापर्यंत पांगली आहेत. जनगणना तोंडावर आली असताना कोईमतूरला स्थायिक झालेल्या आमच्या भावकीतील एकाने विचारले, की मुलांची मातृभाषा तमिळ लिहिली तर काय बिघडते? माझ्या मते बरेच बिघडते. 2011 च्या जनगणनेतील सूचनेप्रमाणे लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलते ती त्याची मातृभाषा, आणि या मुलांच्या आया आपल्याच भागातल्या आहेत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांच्या मागोमाग सतराव्या शतकात तंजावरला गेलेल्यांच्या वंशजांनी घरातली मराठी आजवर टिकवली. आपल्याकडे ती दुसऱ्याच पिढीत पातळ व्हावी, याला मी आळस म्हणतो. जत्रेला आलेली चुलत भावंडे मोठ्यांपासून काही लपवायचे असले की ओट्यावर बसून तमिळमध्ये बोलू लागतात आणि आजी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

कोईमतूरची माहेरवाशीण
आपण दिलेला नियमच आपल्या विरोधात जातो. माझी आई आटपाडीकडची, म्हणून माझी मातृभाषा मराठी. पण माझा जन्म आणि शाळा कोईमतूरची, आणि मी माझ्या मुलांशी तमिळमध्ये बोलते, कारण रागावताना किंवा समजूत काढताना मला तीच भाषा सुचते. मग त्यांच्या रकान्यात मराठी लिहिणे हे खोटे बोलणे नव्हे काय? राहिला प्रश्न गावाच्या आपुलकीचा. वडिलांच्या जमिनीचे हक्कसोडपत्र झाले तेव्हा मला त्यातले निम्मे कळले नव्हते, आणि तेव्हा मात्र माझ्या मराठीची काळजी कोणालाही वाटली नाही. "घरचंच आहे, कर सही" एवढेच मला सांगण्यात आले.

जतकर
कर्नाटक सीमेवरच्या जत तालुक्यातील माझ्या घरात कन्नड बोलतात. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला येणाऱ्या भाविकांत कोणत्या राज्याचा कोण हे बोलण्यावरून ओळखू येत नाही, इतका आमचा भाग मिसळलेला आहे. कोईमतूरमध्ये वाढलेले मूल मराठीच राहिले पाहिजे असे म्हणणारी मंडळी जतच्या कन्नड घराला मात्र "महाराष्ट्रात राहता, मग मराठीच बोला" असे ऐकवतात. यापैकी कोणतीही एकच भूमिका घ्यावी. भाषा घरावर ठरत असेल तर आमची कन्नड आहे, आणि मुलखावर ठरत असेल तर त्या मुलांची तमिळ आहे.

खानापूरकर
जतकर, तुलना पुरती जुळत नाही. तुमच्या जतमध्ये जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत आणि बालभारती कन्नड पुस्तके छापते. आमच्या पोरांना तिकडे मराठीचा एक तास तरी मिळतो का?

मिरजेचा शिक्षक
तो मिळत नाही, आणि त्याचे कारण कायद्यात शोधून सापडणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी सोय करावी असे सांगणारे कलम 350 अ 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले आणि ते तामिळनाडूलाही लागू आहे. पण जतला अख्खे गाव कन्नड बोलते म्हणून वर्ग भरतो, तर गलाईवाला एका पेठेत एकटा-दुकटा असतो, कारण एकाच गल्लीत चार भट्ट्या चालत नाहीत. धंद्याचे हे गणित आहे, तिथे आळसाचा आरोप अन्यायाचा ठरतो. शिवाय तामिळनाडूने 2006 मध्ये शाळांत तमिळ सक्तीची केली आणि महाराष्ट्राने 2020 मध्ये मराठी. आपल्या सक्तीला अस्मिता म्हणायचे आणि त्यांच्या सक्तीला अडथळा, हे मला पटत नाही. मात्र ताईंनाही एक सांगावेसे वाटते. रकान्यात तमिळ लिहा, ते खरेच आहे. पण त्याच तक्त्यात येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात, तिथे मराठी लिहिण्याइतकी ती मुलांना आली पाहिजे, नाहीतर उद्या त्यांच्यापुढेही न कळणारा कागद सहीसाठी येईल.

खानापूरकर
शाळा नाही म्हणूनच तर घराची जबाबदारी वाढते. निदान मे महिन्यात मुलांना गावी पाठवा.

कोईमतूरची माहेरवाशीण
दरवर्षी पाठवते. विट्यातली त्यांची भावंडे इंग्रजी माध्यमात शिकतात आणि महिनाभर त्यांच्याशी इंग्रजीतच बोलतात.