पुनरायनीभवन की पुनर्आयनीकरण?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): रविवारच्या खगोलवर्गात मी फळ्यावर ‘पुनर्आयनीकरण’ (विश्वातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन पुन्हा सुटे होणे) लिहिले, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, पुन्हा म्हणजे? आधी कधी झाले होते?” हा शब्द बरोबर आहे का, आणि अखेरीस ‘करण’ हवे की ‘भवन’?

उत्तर (ऐरोली): मुलीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षे विश्व इतके तप्त होते, की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटेच राहत. तापमान ३,००० केल्व्हिनच्या आसपास उतरले तेव्हा ते जुळून हायड्रोजनचे उदासीन अणू झाले. पुढे पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने ते अणू फोडले आणि विश्वाचे वय सुमारे १०० कोटी वर्षे होईपर्यंत दीर्घिकांदरम्यानचा जवळजवळ सगळा हायड्रोजन आयनरूप झाला. म्हणजे इथला ‘पुनः’ खरा आहे. चुकीचा आहे तो आधीच्या टप्प्याच्या ‘पुनःसंयोग’ या नावातला, कारण त्यापूर्वी ते कण कधी जुळलेलेच नव्हते. तिथे नुसते ‘संयोग’ म्हणावे, असे मला मनापासून वाटते.

संधी ‘पुनरागमन’, ‘पुनरावृत्ती’ यांप्रमाणे ‘पुनरायनी-’ अशीच होते. प्रत्ययाचे म्हणाल, तर दोरीवरच्या कपड्यातले पाणी उडून जाते ते बाष्पीभवन, आणि गावात वीज आणतात ते विद्युतीकरण: पहिल्यात अवस्था पालटते, दुसऱ्यात कर्ता समोर असतो. म्हणून कालखंडाचे नाव ‘पुनरायनीभवन’ असावे. मात्र ‘तारे हायड्रोजनचे आयनीकरण करतात’ हे वाक्यही निर्दोष आहे, कारण इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा ताऱ्यांचा प्रकाशच पुरवतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माळशेज घाटातून मुलांना खोडदची रेडिओ दुर्बीण दाखवायला न्यायचे ठरते आहे, म्हणून आणखी एक शंका. उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर त्या काळातून आपल्यापर्यंत येताना ताणून सुमारे २ मीटरची होते आणि तिथल्या ३० अँटेनांनी तिचा शोध घेतला आहे, हे सांगताना मुले ‘उदासीन’ म्हणजे ‘उदास’ समजतात. दुसरा शब्द आहे का?

उत्तर (ऐरोली): शब्द बदलू नये. उदासीन म्हणजे कोणत्याच बाजूचा नसलेला, आणि त्या अणूवर धन वा ऋण असा कोणताच निव्वळ भार नसतो. आम्ल आणि आम्लारी यांचे ‘उदासिनीकरण’ मुलांनी शाळेत वाचलेले असते. तिथून सुरुवात करावी.