मदत हवी आहे: फेरफार झालेला आणि एक चॅनेल बिघडलेला नॅड 3020 ॲम्प्लिफायर कसा विकावा?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांचा नॅड 3020 हा स्टिरिओ ॲम्प्लिफायर विकायचा आहे. मामा मस्कतला नोकरीला असताना त्यांनी तो घेतला, परतल्यावर रत्नागिरीच्या घरी तो बरीच वर्षे वाजला आणि आता त्यांनी तो पुण्याला माझ्या स्वाधीन केला आहे. 1978 साली बाजारात आलेला, कागदोपत्री चॅनेलमागे अवघे 20 वॅट देणारा, तरीही चालवायला अवघड असलेले स्पीकर सहज पेलणारा हा ॲम्प्लिफायर कमी किमतीत उत्तम आवाज देतो म्हणून नावाजला गेला. त्याला आजही मागणी आहे. परंतु माझ्याकडचा नग ना मूळ अवस्थेत आहे, ना पूर्ण चालू.

बिघाड डाव्या चॅनेलमध्ये आहे. स्पीकर न जोडता मल्टिमीटर लावला असता उजव्या बाजूला काही मिलिव्होल्टच डीसी (स्पीकरकडे जाऊ नये असा एकाच दिशेचा स्थिर विद्युतदाब) दिसते, डाव्या बाजूला मात्र जवळजवळ 2 व्होल्ट दिसते आणि त्या बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर संगीत चालू नसतानाही तापतात. या मॉडेलमध्ये प्रीॲम्प (आवाज कमी-जास्त करणारा पहिला भाग) आणि पॉवरॲम्प (स्पीकर चालवणारा पुढचा भाग) मागच्या बाजूने वेगळे करता येतात, त्यामुळे थोडी खातरजमा करता आली. डाव्या प्रीआउटची (प्रीॲम्पमधून बाहेर येणारी) वायर उजव्या मेन-इनला (पॉवरॲम्पच्या आत जाणाऱ्या जोडणीला) जोडल्यावर आवाज अगदी स्वच्छ येतो आणि डाव्या मेन-इनची वायर काढून टाकली तरी तिथला डीसी तसाच राहतो. म्हणजे प्रीॲम्प ठीक असून दोष डाव्या पॉवरॲम्पमध्ये आहे, असे मला वाटते. रेकॉर्ड प्लेअरसाठीचा फोनो विभागही दोन्ही बाजूंनी चांगला चालतो. माझा तर्क कुठे चुकत असल्यास कृपया सांगावे, कारण जाहिरातीत मी हेच लिहिणार आहे.

फेरफारांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मागे एका कारागिराने वीजपुरवठा स्थिर ठेवणारे फिल्टर कपॅसिटर बदलून बरेच मोठे बसवले आहेत. ते मूळ जागेत मावत नसल्याने गोंदाने चिकटवून लांब तारांनी जोडले आहेत. डाव्या बाजूच्या टू एन 3055 आणि एमजे 2955 या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीपैकी एक ट्रान्झिस्टर वेगळ्या बनावटीचा असून त्यावरची अक्षरे पुसट आहेत. या क्रमांकांचा नकली माल बाजारात किती खपतो हे आपण जाणताच, तेव्हा माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. त्याच्याखालची, त्याला धातूपासून विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवणारी अभ्रकाची चकतीही कडेला चिरलेली दिसते. प्रीआउट आणि मेन-इन जोडणाऱ्या मूळ धातूच्या पट्ट्या हरवल्या असून त्यांच्या जागी साध्या आरसीए वायरी आहेत. बनाना प्लग बसावेत म्हणून मागच्या पत्र्यातली स्पीकरची भोके कानस मारून मोठी केली आहेत, ते आता पूर्ववत होणार नाही. शिवाय फोनो विभागाशेजारी एक ब्लूटूथ बोर्ड चिकटवलेला आहे आणि तो चालू असला की रेकॉर्ड ऐकताना बारीक शिट्टी येते.

पुण्यातल्या तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका दुकानदाराने ट्रान्सफॉर्मर, नॉब आणि फोनो बोर्ड सुटे करून विकण्याचा सल्ला दिला. त्यात पैसे जास्त मिळतील, असे त्यांचे म्हणणे. हिशेब म्हणून ते बरोबर असेलही, पण तीन चतुर्थांश शाबूत असलेले यंत्र असे मोडून टाकायला माझे मन धजत नाही. दुरुस्त करून वाजवणाऱ्या माणसाच्या हाती ते अखंड जावे अशी मामांचीही इच्छा आहे.

तेव्हा जाणकारांनी पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. विकण्यापूर्वी ब्लूटूथ बोर्ड काढून टाकावा, की आहे त्या स्थितीत देऊन फेरफारांचे स्पष्ट फोटो लावावेत? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण आतली प्रत्येक जोडणी घेणाऱ्याला जशीच्या तशी दिसलेली बरी. फक्त विजेची मुख्य वायर आधाराची पकड नसताना पत्र्यातून आत ओढलेली आहे, ती मात्र मी सुरक्षिततेसाठी बदलूनच देईन. जाहिरातीत ‘सुट्या भागांसाठी’ असे लिहावे की ‘दुरुस्तीसाठी’? पहिल्या शब्दाने भाव पडतो आणि दुसऱ्याने घेणाऱ्याच्या अपेक्षा वाढतात, म्हणून ‘दुरुस्तीसाठी किंवा सुट्या भागांसाठी, डाव्या बाजूला स्पीकर जोडू नये’ असे लिहिण्याचा विचार आहे. ही सूचना मी यंत्रावरही चिकटवणार आहे, कारण एवढ्या डीसीने स्पीकरची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तापून खराब होऊ शकते.

किमतीबाबत मी 4,500 रुपये मनात धरले आहेत. वरील स्थिती पाहता हे रास्त आहे का, की मागच्या पत्र्याच्या नुकसानीमुळे आणखी उतरावे लागेल? घेणाऱ्याने शक्यतो पुण्यात येऊन सिरीज बल्ब (बिघाड असल्यास जादा प्रवाह रोखण्यासाठी वीजजोडणीत ओळीने लावलेला दिवा) लावून यंत्र समक्ष तपासावे असे मला वाटते. मात्र मुंबई, नाशिक किंवा कोल्हापूरहून कोणी विचारणा केली, तर जड ट्रान्सफॉर्मर असलेली अशी पेटी कुरिअरने पाठवताना आतले चिकटवलेले कपॅसिटर सुटू नयेत म्हणून कोणी काय केले आहे, तेही कळवावे.