‘द जॅक पाइन’: एका झाडात देश मावतो का?

चर्चाप्रस्ताव

कॅनडाचा चित्रकार टॉम थॉमसन याचे ‘द जॅक पाइन’ (१९१६-१७) हे चित्र ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कॅनडाचे चित्र म्हटले की अनेकांच्या नजरेसमोर तेच येते: खडकाळ किनाऱ्यावरचे जॅक पाइन जातीचे एकटे झाड, मागे तळे, पलीकडे बर्फाचे डाग अजून न विरलेल्या टेकड्या आणि पिवळट-हिरवे आकाश. चित्र म्हणून ते मला अतिशय आवडते, मात्र त्याला राष्ट्राचे प्रतीक मानण्यास माझा विरोध आहे. थॉमसन ऑन्टारिओ प्रांतातल्या ज्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये चित्रे काढत हिंडला, तो प्रदेश निर्मनुष्य कधीच नव्हता. १८९३ मध्ये उद्यान स्थापन होण्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी असलेले अल्गॉन्क्विन लोक तिथे राहत, शिकार करत आले होते आणि त्यांच्या जमिनीच्या दाव्यावर सरकारांशी नुसता तत्त्वतः करार व्हायलासुद्धा २०१६ साल उजाडावे लागले. ओसाड किनारा हीच देशाची ओळख ठरली, की इथे आधी कुणी नव्हतेच, ही समजूत कुणी तोंडाने न सांगताही मुरत जाते.

प्रतिसाद १

असहमत. आपण हे चित्र त्याच्या काळातून उचलून आजच्या न्यायालयात उभे करत आहात. त्या वेळी टोरंटो-मॉन्ट्रियलचे धनिक संग्राहक डच चित्रकारांची धुकट कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या गाई हौसेने विकत घेत होते, आणि उत्तरेकडचे खडक, दलदल व खुरटी झाडे ही चित्राचा विषय होण्याच्या लायकीची आहेत, हेच मुळात पटवून द्यावे लागत होते. आता चित्र जवळून पाहा. आकाश आणि पाणी रुंद कुंचल्याच्या आडव्या, जाड पट्ट्यांनी भरले आहे. फांद्यांच्या कडेला खालच्या थराचा तांबडा रंग मुद्दाम उघडा ठेवला आहे, त्यामुळे काळपट झाड आतून धगधगल्यासारखे दिसते. लंडन-पॅरिसची नजर उसनी न घेता आपली भूमी पाहण्याचे हे धाडस होते. नव्या राष्ट्राला ओळख घडवायची असते, ती अशीच घडते. शिवाय एका झाडाच्या चित्रात माणूस नाही, ही तक्रार कुठवर ताणायची?

प्रतिसाद २

उसनी नजर नाही म्हणता, तर मग अमेरिकेतले १९१३ चे बफेलो शहर आठवा. थॉमसनचे चित्रकार मित्र लॉरेन हॅरिस आणि जे. ई. एच. मॅकडोनाल्ड यांनी तिथे स्कँडिनेव्हियन चित्रांचे प्रदर्शन पाहिले आणि उत्तरेची भूमी कशी रंगवावी याचा धडा तिथूनच आणला. झाडाची लयदार, सपाट मांडणी तर ‘ग्रिप’ कंपनीत जाहिरातींची संकल्पने करणाऱ्या थॉमसनच्या हाताची सवय आहे. यात कमीपणा नाही. शुद्ध देशीपणाचा दावा मात्र टिकत नाही.

माझा आक्षेप मूळ प्रस्तावावरही आहे, कारण दोष थॉमसनच्या पदरी घालणे अन्यायाचे आहे. त्याच सुमारास त्याने ‘द ड्राइव्ह’ हे चित्र रंगवले, ज्यात बांधाच्या तोंडातून ओंडके सोडले जात आहेत आणि माणसे कामाला जुंपलेली आहेत. उद्यानात लाकूडतोड तेव्हाही चालू होती आणि आजही चालते. थॉमसन जुलै १९१७ मध्ये कनू लेकमध्ये मरण पावला. कॅनडाची भूमी रंगवणाऱ्या त्याच्या चित्रकार मित्रांचा ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ हा गट स्थापन झाला तो १९२० मध्ये. ‘द जॅक पाइन’ राष्ट्रीय दालनाने १९१८ मध्ये घेतले आणि १९६७ मध्ये, देशाच्या शताब्दीच्या वर्षी, ते दहा सेंटच्या टपाल तिकिटावर आले. ओंडके वाहणाऱ्या माणसांना तो मान मिळाला नाही. ही निवड कलादालनांनी, समीक्षकांनी आणि टपालखात्याने केली; चित्रकार तेव्हा हयातही नव्हता.

प्रतिसाद ३

शिवाय ‘ग्रुप’चे सातही संस्थापक इंग्रजी भाषक होते. क्यूबेकच्या फ्रेंच वाचकाने हे झाड आपले का मानावे, याचे उत्तर वर कुणीच दिलेले नाही.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

‘द ड्राइव्ह’चा मुद्दा माझ्या बाजूनेच जातो. दोन्ही चित्रे उपलब्ध असताना देशाने माणसे नसलेले चित्र उचलले, हाच तर आक्षेप आहे. प्रतिसाद १ ला एवढेच सांगतो की, पांढऱ्या पाइनची उंच झाडे इमारती लाकडासाठी एकोणिसाव्या शतकापासून या भागातून तोडून नेली जात होती. जॅक पाइनला तेवढा भाव नव्हता. तेव्हा ‘अस्पर्श उत्तरभूमी’ म्हणून आपण जी पाहतो, ती बरीचशी कुऱ्हाडीनंतरची उत्तरभूमी आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मान्य, पण त्यामुळे आपले म्हणणे सिद्ध होत नाही. प्रतीक म्हणजे जनगणना नव्हे. त्यात सगळ्यांची हजेरी लागलीच पाहिजे असा आग्रह धरला, तर कोणत्याही देशाला एकही चित्र उरणार नाही. अल्गॉन्क्विन लोकांचा हक्क करारात, कायद्यात आणि शाळेच्या पुस्तकात यायला हवा, यावर माझे दुमत नाही. तो न आल्याचा हिशेब साडेचार फूट रुंदीच्या कॅनव्हासकडे मागू नये.