एडमंटनला टाउनहाउस घ्यावं की हीट धरून अपार्टमेंट? हिवाळ्याच्या खर्चाचा हिशेब हवा आहे

निशिगंध
नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही तिघं (मुलगी सहा वर्षांची) पुण्याहून कॅनडात एडमंटनला येतोय. तिथल्या मिलवुड्स भागात दोन जागा बघून ठेवल्यात. एक दोन बेडरूमचं अपार्टमेंट, हीट आणि पाणी भाड्यातच. दुसरं टाउनहाउस (रांगेतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं घर), भाडं महिना दीडशे डॉलरनं कमी, पण सगळी बिलं आपली. कागदावर टाउनहाउस स्वस्त दिसतंय, हिवाळ्यातही तसंच राहील का? शिवाय एक जुनी गाडी घ्यायची आहे. जाहिरातीत 'प्लग-इन स्टॉल' लिहितात, तो नसला तर अडतं का?

पाणकणीस
नोव्हेंबर ते मार्च तरी ते दीडशे डॉलर पुरणार नाहीत. गॅसच्या बिलात प्रत्यक्ष जाळलेल्या गॅसचे पैसे हा एकच भाग. त्यावर डिलिव्हरी, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, महापालिकेचा आकार असं बरंच काही चढतं, आणि त्यातला ठरावीक भाग घर बंद ठेवलं तरी भरावा लागतो. विजेचंही तसंच.

घरमालकाकडे मागच्या जानेवारीचं आणि जुलैचं अशी दोन्ही बिलं मागा. डॉलरचा आकडा बघू नका, दर बदलत राहतो. गिगाज्यूल (गॅस मोजायचं एकक) किती जळले ते बघा. स्वतंत्र घराला वर्षाकाठी साधारण १००-१२० गिगाज्यूल लागतात, त्यातला मोठा वाटा या पाच महिन्यांतच. टाउनहाउसला कमी लागतात, पण ते रांगेत मधलं आहे की टोकाचं हे नक्की विचारा. टोकाच्या घराची एक भिंत जास्त उघडी, ती बिलात दिसते.

विजेचा करार केला नाहीत तर आपोआप 'रेट ऑफ लास्ट रिझॉर्ट' हा ठरवून दिलेला दर लागतो (जानेवारी २०२५ पासून, युनिटला सुमारे १२ सेंट). युटिलिटीज कन्झ्युमर अ‍ॅडव्होकेट या सरकारी ग्राहक-मदत कार्यालयाच्या साइटवर सगळ्या कंपन्यांचे दर शेजारी-शेजारी दिसतात, तिथे बघून ठरवा. दारावर येऊन वीज-गॅसचे करार विकायला अल्बर्टात (एडमंटनचा प्रांत) २०१७ पासून बंदी आहे. कुणी "बिल दाखवा" म्हणत आलं तर दाखवू नका.

डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ताबा घेताना घराची पाहणी करून लेखी अहवाल करणं मालकावर बंधनकारक आहे. खिडकीच्या चौकटीवरचे काळे डाग त्यात लिहून घ्या, नाहीतर निघताना ते तुमच्या नावावर लागतील.

ओसरी
ते काळे डाग का पडतात, हे समजून घ्या, कारण आपल्या स्वयंपाकानं ते लवकर पडतात. बाहेर उणे ३० असताना काच आतूनही गार असते. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, घरात वाळत घातलेले कपडे, सगळी वाफ त्या काचेवर जाऊन बसते. खालच्या कडेला बोटभर बर्फ धरतो, दुपारी वितळून लाकडात मुरतो आणि आठवड्याभरात बुरशी.

फर्नेसला (घर तापवणारी गॅसची भट्टी) जोडलेल्या ह्युमिडिफायरची (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) चकती थंडीप्रमाणे खाली आणायची: बाहेर उणे १० असेल तर ३० टक्के ओलावा, उणे २० ला २०-२५, उणे ३० ला १५. स्वयंपाक करताना शेगडीवरच्या हूडचा पंखा चालू, आणि नंतर पंधरा मिनिटं तसाच. पण हूडची हवा खरंच बाहेर जाते का ते जागा बघतानाच तपासा. बऱ्याच अपार्टमेंटांत ती जाळीतून फिरून परत स्वयंपाकघरातच येते. तसं असेल तर बाथरूमचा पंखा लावून दार उघडं ठेवा. पडदे रात्रभर घट्ट ओढू नका, खाली वीतभर फट ठेवा म्हणजे गरम हवा काचेपर्यंत पोचते.

टाउनहाउस घेतलंतच तर आणखी दोन गोष्टी. फर्नेसचा फिल्टर हिवाळ्यात दर महिन्याला काढून बघा. मापं फिल्टरच्या चौकटीवर छापलेली असतात, बाणाची दिशा फर्नेसकडे. तो चोंदला की आत उष्णता साठून फर्नेस सारखी बंद-चालू होते. दुसरं, बाहेरच्या भिंतीतून निघालेले पांढरे प्लास्टिकचे पाइप. कडाक्यात हवा आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी हिमाची जाळी धरते, मग आतला प्रेशर स्विच (सुरक्षेचा स्विच) हवा पुरत नाही म्हणून फर्नेस पेटू देत नाही. मेकॅनिकला फोन करण्याआधी फर्नेसचा स्विच बंद करा, हातानं ते तोंड मोकळं करा, पुन्हा चालू करा. कितीतरी वेळा एवढंच निघतं.

गावाला गेलात तरी थर्मोस्टॅट १६-१७च्या खाली नेऊ नका, पाण्याचे नळ गोठून फुटतात.

खडीचा_रस्ता
प्लग-इनबद्दल. इंजिनाला ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) बसवलेला असतो, त्याचा प्लग पुढच्या जाळीतून लोंबतो. तो लावायला वीज असलेली पार्किंगची जागा म्हणजे प्लग-इन स्टॉल. उणे १५च्या खाली गेलं की लावायचा. उघड्यावर उभ्या गाडीला स्टॉल नसेल तर उणे ३०च्या सकाळी गाडी सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून जुनी गाडी असेल तर स्टॉल घ्याच.

रात्रभर लावून ठेवायची गरज नसते. निघण्याआधी चार तास पुरतात, बाहेर वापरायचा टायमर लावा. ४०० वॉटचा हीटर चार तासांत १.६ युनिट खातो, बारा तासांत ४.८. वायर बाहेरच्या वापराची, थंडीतही लवचिक राहणारी, १४ गेजची. घरातली साधी वायर या थंडीत काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तडकते.

गाडी घेताना हीटर चालतो का ते उन्हाळ्यातसुद्धा कळतं: प्लगच्या दोन पात्यांमध्ये मल्टिमीटर लावा. ४०० वॉटच्या हीटरला ३६ ओहमच्या आसपास दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट किंवा वायर तुटलेली, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

टायरची हवा दर ५-६ अंशांना सुमारे १ पीएसआय उतरते, म्हणून पहिल्या कडाक्याच्या दिवशी भरून घ्या. काच धुण्याचं पाणी उणे ४०चं घ्या, उन्हाळी पाणी नळीतच गोठतं. विंटर टायर अल्बर्टात सक्तीचे नाहीत, तरी लावाच. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले.

निशिगंध
सगळ्यांचे खूप आभार. अपार्टमेंटच घेतो, स्टॉलचंही विचारतो. गाडी येईपर्यंत बसनं भागेल का? आणि मुलीचे कपडे इथून आणू की तिथे घेऊ?

पाणकणीस
भागेल. नोव्हेंबर २०२३ पासून मिलवुड्सहून डाउनटाउनला व्हॅली लाइन ट्रेन आहे. आर्क कार्ड (बस-ट्रेनच्या तिकिटाचं कार्ड) घ्या, दिवसाच्या आणि महिन्याच्या भाड्याची कमाल मर्यादा आपोआप लागते. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप करायचं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

कपडे इथेच घ्या, पुण्यात मिळणारं जॅकेट इथे ऑक्टोबरपुरतंच. मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर खेळायला नेतात, त्यामुळे स्नो पँट रोज लागते. हातमोजे पाच बोटांचे नकोत, मिटन (चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा) घ्या, आणि दोन जोड, कारण एक कायम ओला असतो. बूट मोज्यासकट मापून एक नंबर मोठे. बूट घट्ट झाले तर आतली हवा जाते आणि पाय जास्तच गारठतात.