अमेरिका १८९८ मध्ये एका रात्रीत साम्राज्यवादी झाली का?

अभ्यासिका_७
जागतिक इतिहासाची तयारी करताना एक गोष्ट काही केल्या पचत नाही. नोट्समधली साखळी अशी: १७९६ चं वॉशिंग्टनचं निरोपाचं भाषण, १८२३ चा मन्रो सिद्धान्त (अमेरिका खंडात युरोपने हात घालू नये), मग पाऊणशे वर्षं अलिप्तता. नंतर १५ फेब्रुवारी १८९८ ला हवाना बंदरात ‘मेन’ युद्धनौका फुटते आणि वर्ष संपायच्या आत पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स, हवाई सगळं अमेरिकेच्या पदरात. इतक्या झटपट धोरण उलटं कसं झालं? आणि स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबासाठी पुकारलेल्या युद्धाची पहिली मोठी लढाई फिलिपिन्समध्ये का? ‘वृत्तपत्रांनी लोकांना भडकवलं’ एवढ्यावर भागेल का?

गलबत
नाही भागणार. भडक बातम्यांनी लोकांची डोकी तापतील, पण त्यांनी हाँगकाँगमध्ये कोळशाची जहाजं खरेदी होत नाहीत.

फिलिपिन्समधली मनिलाच का, हे कोळशावरून समजतं. शिडाचं जहाज वाऱ्यावर जायचं. वाफेच्या युद्धनौकेला दर काही दिवसांनी बंदर आणि कोळसा लागतो. युद्ध पुकारलं की तटस्थ देशाची बंदरं बंद. तिथे फार तर जवळच्या स्वदेशी बंदरापर्यंत पोहोचण्यापुरता कोळसा मिळतो. अमेरिकेच्या आशियाई आरमाराला तर जवळचं स्वदेशी बंदर म्हणजे पॅसिफिकपलीकडचा कॅलिफोर्निया.

आता तारखा बघा. स्पेनशी युद्ध झालंच तर मनिलावरही हल्ला करायचा, हा आराखडा नौदलात १८९६ पासून कागदावर होता. २५ फेब्रुवारी १८९८ ला नौदलमंत्री दुपारपुरते कार्यालयाबाहेर होते, तेव्हा त्यांचे सहायक थिओडोर रूझवेल्ट यांनी आशियाई आरमाराचा प्रमुख कमोडोर ड्युईला तार केली: हाँगकाँगला जमा, कोळसा भरून ठेवा, युद्ध लागलं तर फिलिपिन्सवर चाल करा. मंत्र्यांनी परत आल्यावर ती तार रद्द केली नाही, हे जास्त महत्त्वाचं. एप्रिलमध्ये ड्युईने ‘नानशान’ हे कोळशाचं आणि ‘झाफिरो’ हे रसदीचं जहाज विकत घेतलं, तेही व्यापारी जहाजं म्हणून नोंदवून. युद्ध लागताच ब्रिटिशांनी त्याला हाँगकाँगबाहेर काढलं. तो जवळच्या चिनी हद्दीतल्या मिर्स उपसागरात थांबला. आता एक तर मनिला घ्यायची, नाही तर अख्खा पॅसिफिक ओलांडून घरी जायचं. त्याने १ मे ला मनिला उपसागरातलं स्पॅनिश आरमार बुडवलं.

ही लढाई काही चोख नव्हती. दोनेक तासांनी ड्युईला निरोप गेला की पाच इंची तोफांमागे जेमतेम पंधराच गोळे उरलेत. त्याने आरमार मागे घेतलं, खलाशांना न्याहारी दिली आणि मोजणी केली. निरोप उलटा पोचला होता: प्रत्येक तोफेमागे पंधरा गोळे ‘उडाले’ होते. नेमही असा की शंभरात दोन-तीन गोळे लागले. तरी जिंकले, कारण समोरची जहाजं जुनी आणि नांगरलेली.

मग पुढचं सगळं ओघानेच आलं. मनिला शहर घ्यायला फौज हवी. ती सॅन फ्रान्सिस्कोहून निघणार, वाटेत होनोलुलूला कोळसा भरणार, म्हणून हवाई हवं. ग्वाम त्याच वाटेवर. तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध लागल्याचीच खबर नव्हती. अमेरिकन युद्धनौका ‘चार्ल्स्टन’ने तोफा डागल्या ती सलामी समजून ते नावेतून आले, आणि उत्तराची सलामी द्यायला आमच्याकडे दारू नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली!

पनामाचा कालवाही यातूनच निघाला. ‘ओरेगॉन’ युद्धनौका १९ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली, मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून वळसा घेऊन २४ मे रोजी फ्लोरिडाला लागली. ६६ दिवस, सुमारे १४,००० सागरी मैल. कालव्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना याहून मोठा पुरावा लागला नाही.

बॉयलररूम
‘मेन’बद्दल उत्तरपत्रिकेत जपून लिहा.

जहाजाच्या पुढच्या भागात ए-१६ हा कोळशाचा कप्पा आणि सहा इंची तोफांच्या दारूचं राखीव कोठार एकमेकांना खेटून होते, मध्ये फक्त पोलादी पत्रा. कोळसा बिट्युमिनस जातीचा. तो बंद कप्प्यात पडून राहिला की हवेतला ऑक्सिजन शोषून आतल्या आत तापतो, बाहेर ज्वाळा दिसत नाहीत. पत्रा तापला की पलीकडची दारू पेटते. त्या काळात इतर जहाजांवरही अशा आगी लागल्या होत्या.

१८९८ च्या चौकशीत पाणबुडे बंदराच्या गढूळ पाण्यात उतरले. जहाजाचा कणा उलट्या ‘व्ही’सारखा वर उचललेला दिसला, म्हणून ‘बाहेरून सुरुंग’ असा निष्कर्ष निघाला. सुरुंग कोणी लावला, हे त्या अहवालात नाही; स्पेनचं नाव लोकांनी स्वतःच घातलं. १९११ मध्ये भोवती बांध घालून पाणी उपसलं, तेव्हाच्या मंडळानेही बाहेरचा स्फोटच म्हटलं, फक्त जागा वेगळी सांगितली. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या तपासात कोळशाची आग हे कारण निघालं. वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा ‘स्पेनने उडवली’ असंही लिहू नका आणि ‘कोळशानेच उडाली हे सिद्ध झालं’ असंही नको.

बारभाई
गलबत यांनी समुद्र सांगितला, मी सभागृह सांगतो. अमेरिकेत परराष्ट्र तहाला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. सगळी खरी लढाई तिथे होती आणि प्रत्येक वेळी कुठून तरी पळवाट निघाली.

हवाई घ्या. जानेवारी १८९३ मध्ये ऊसमळेवाल्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढलं. ‘बोस्टन’ युद्धनौकेवरून १६२ सैनिक आणि खलाशी होनोलुलूत उतरवले होते. मूळ दुखणं साखरेचं. १८९० च्या कायद्याने बाहेरच्या कच्च्या साखरेवरचं आयातशुल्क गेलं आणि अमेरिकन उत्पादकाला पौंडामागे २ सेंट अनुदान मिळालं. हवाईची बिनशुल्क साखरेची जुनी सवलत त्यामुळे मातीमोल झाली. अमेरिकेत सामील झालं की अनुदान आपल्यालाही, हा सरळ हिशेब. पण राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने विलीनीकरणाचा तह मागे घेतला आणि १८९७ चा दुसरा तहही दोन-तृतीयांशाअभावी अडकला. शेवटी जुलै १८९८ मध्ये तह बाजूला ठेवून संयुक्त ठराव आणला, त्याला साधं बहुमत पुरतं. १८४५ मध्ये टेक्सास असंच घेतलं होतं.

साखरेचीच गोष्ट क्यूबात उलटी: १८९४ मध्ये साखरेवर ४० टक्के शुल्क परत आलं, क्यूबाचे मळे बसले, पुढच्या वर्षी बंड उठलं.

फिलिपिन्स देणारा पॅरिसचा तह मात्र सिनेटमधूनच न्यावा लागला. ६ फेब्रुवारी १८९९, ५७ विरुद्ध २७. लागत होती ५६. दोनच दिवस आधी मनिलाबाहेर अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला होता. आठवड्याभरात ‘फिलिपिनोंना पुढे स्वातंत्र्य देऊ’ असं वचन देणारी दुरुस्ती आली. तिला २९-२९ मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने ती पडली.

मग प्रश्न उरला: या मुलखांत राज्यघटना लागू की नाही? उत्तर संत्र्यांवरून निघालं. पोर्तो रिकोहून न्यू यॉर्कला आलेल्या संत्र्यांवर शुल्क घेतलं, व्यापारी कोर्टात गेला. देशांतर्गत मालावर शुल्क कसं, हा त्याचा मुद्दा. २७ मे १९०१ ला सर्वोच्च न्यायालयाने ५-४ ने ठरवलं की पोर्तो रिको अमेरिकेचं आहे, पण अमेरिकेचा ‘भाग’ नाही. म्हणजे वसाहत ठेवायला आता कायद्याचीही आडकाठी नाही.

शुद्धलेखन
शब्दाबद्दल. आपल्याकडे ‘अलिप्ततावाद’ म्हटलं की नेहरू आणि बांडुंगची परिषद आठवतं. अमेरिकेचं ते नव्हतं. तिथे अर्थ एवढाच, की युरोपातल्या आघाड्यांत कायमचं अडकायचं नाही. बाकी १८४८ मध्ये निम्मा मेक्सिको घेतला, १८५३ मध्ये नौदलाचा कमोडोर पेरी तोफा घेऊन जपानच्या दारात, १८६७ मध्ये अलास्का ७२ लाख डॉलरला. मूळ रहिवाशांच्या जमिनींचं तर विचारूच नका. १८९८ मध्ये फक्त हे सगळं समुद्रापार गेलं. पाऊणशे वर्षं घरी बसलेला देश अचानक उठला, ही मांडणीच चुकीची.

अभ्यासिका_७
पण क्यूबाला तर स्वातंत्र्य दिलं ना? युद्धाच्या ठरावाला जोडलेल्या टेलर दुरुस्तीत ‘आम्ही क्यूबा घेणार नाही’ असं स्पष्ट होतं.

फडनिशी
घेतला नाही, मांडलिक केला. १९०१ ची प्लॅट दुरुस्ती (अमेरिकेने क्यूबावर लादलेल्या अटी) वाचताना वसईचा तह शेजारी ठेवा, लगेच उलगडेल. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज मान्य केली, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख दिला आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीला विचारून करायचं कबूल केलं. क्यूबाच्या कलमांत: स्वातंत्र्याला बाध येईल असा तह करायचा नाही, महसुलाला न पेलणारं कर्ज काढायचं नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क आणि कोळशाच्या ठाण्यांसाठी जमीन. फरक एवढा, की इथे कायमची फौज नको होती. येण्याचा हक्क पुरेसा होता. १९०६ ते १९०९ तो वापरलाही. क्यूबाच्या घटना समितीने हे १६ विरुद्ध ११ ने स्वीकारलं, कारण त्याशिवाय अमेरिकन सैन्य हलणार नव्हतं. १९०३ मध्ये क्यूबातलं ग्वांतानामोचं ठाणं भाड्याने गेलं, वर्षाला २,००० सोन्याचे डॉलर. प्लॅट दुरुस्ती १९३४ मध्ये गेली, ठाणं राहिलं.

त्याहून स्वस्त तऱ्हा डॉमिनिकन प्रजासत्ताकात. मुलूख नको, जकातीचा गल्ला ताब्यात घ्या. १९०५ पासून तिथे वसुलीला अमेरिकन माणूस बसला: ४५ टक्के तिथल्या सरकारला, ५५ टक्के सावकारांची देणी फेडायला. सिनेटने तह रोखला तर तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टने तोच करार स्वतःच्या अधिकारात चालू केला आणि १९०७ मध्ये मंजुरी घेतली. बारभाई म्हणतात ती पळवाट, तिसऱ्यांदा. यात चुकतं काय, तर जकात गेली की सरकारजवळ आपल्या लोकांना धरून ठेवायला पैसा उरत नाही; बंड उठलं की मरीन पाठवावे लागतात. १९१६ मध्ये तेच झालं, १९२४ पर्यंत मुक्काम.

गलबत
बारभाई, एक बारकी दुरुस्ती. हवाईच्या ठरावाला सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१ मतं होती. म्हणजे मतदान करणाऱ्यांत नेमके दोन-तृतीयांश! पण तेव्हा मनिलाकडे फौजा निघाल्या होत्या आणि बरेच सदस्य मतदानाला नव्हते. वर्षापूर्वी ते जमत नव्हतं, हे तुमचं बरोबर.

आणि फिलिपिन्सपोटी २ कोटी डॉलर स्पेनला का दिले, तेही इथेच टाकतो. ड्युईने मे मध्ये मनिला-हाँगकाँग तारेची केबल कापली होती. १२ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर सह्या झाल्या, मनिला पडली १३ ला, युद्धबंदीची बातमी तिथे पोचली १६ ला. युद्धबंदीनंतर जिंकलेल्या शहरावर विजयाचा हक्क सांगता येईना, म्हणून पॅरिसच्या तहात रक्कम मोजली.

बारभाई
दुरुस्ती मान्य.

बाजारपेठेचं कारण लिहायचं तर आकडा लक्षात ठेवा: त्या दशकात अमेरिकेच्या निर्यातीतला चीनचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. धंदा हातात नव्हता, आशा होती. फिलिपिन्सची किंमत मात्र खरी होती. १८९९ ते १९०२ मध्ये ४,२०० हून अधिक अमेरिकन सैनिक गेले, सुमारे २०,००० फिलिपिनो लढवय्ये, आणि उपासमार व रोगराईसह किमान २ लाख नागरिक धरले जातात. स्पेनशी झालेलं युद्ध त्यापुढे किरकोळ. नोट्समध्ये मात्र उलटं प्रमाण असतं.

पुढचा १९१७ चा प्रश्न (अमेरिका पहिल्या महायुद्धात कशी उतरली) येणारच, म्हणून थोडक्यात: कॅरिबियन आणि पॅसिफिकमध्ये हात घालणं एक, युरोपच्या युद्धात उतरणं दुसरं. व्हर्सायचा तह सिनेटने १९ मार्च १९२० ला ४९-३५ ने पाडला, सात मतं कमी पडली. १९३५ पासून तटस्थतेचे कायदे आले. जानेवारी १९३८ मध्ये तर युद्ध पुकारण्याआधी देशभर सार्वमत घ्यावं, हा प्रस्ताव चर्चेलाही न घेता प्रतिनिधिगृहाने २०९-१८८ ने बाजूला सारला. एवढ्या थोडक्यात. मनिला आणि ग्वांतानामो त्या सगळ्या काळात अमेरिकेकडेच होती.

गलबत
फिलाडेल्फियाच्या बाजूला कोणी राहत असेल तर ड्युईची ‘ऑलिंपिया’ तिथल्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. खालच्या मजल्यावर जाऊन कोळशाचे कप्पे बघा. जहाजाची केवढी जागा कोळशाने खाल्ली होती, ते नजरेनेच कळतं.